सातबाऱ्यावरची नावं : विल्यम कॅरी, त्यांची शेती आणि त्यांचं घर



स्मृतिव्याख्यान म्हटलं की थोर माणसाचं कर्तृत्व सांगायचं, हा आपला रिवाज. तो मी आज पाळणार आहे. पण कर्तृत्वाबरोबर त्याची किंमत कोणी मोजली, तेही सांगणार आहे. आज ज्यांच्याविषयी बोलायचं ते विल्यम कॅरी. जन्मानं इंग्रज, पंथानं बाप्टिस्ट. आधी जोडे शिवणारे, मग धर्मोपदेशक, आणि लहानपणापासून अखेरच्या आजारापर्यंत झाडाझुडपांत जीव अडकलेला माणूस. १७९३ मध्ये ते बंगालमध्ये उतरले आणि १८३४ साली तिथल्याच मातीत त्यांना मूठमाती मिळाली. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत.

तुम्ही म्हणाल, बंगालमधल्या एका मिशनऱ्याची कथा वऱ्हाडात कशाला? रास्त प्रश्न आहे. कॅरी वऱ्हाडात कधी आले नाहीत. पण वऱ्हाड त्यांच्याकडे गेलं होतं. ते कसं, हा माझा पहिला मुद्दा. शेतकरी कॅरी हा दुसरा. त्यांचं घर हा तिसरा. आणि या तिन्हींचा हिशेब एकत्र कसा मांडायचा, हा चौथा आणि माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा.

पहिल्यापासून सुरुवात करू.

२९ नोव्हेंबर १८०३. आपल्या अकोला जिल्ह्यातलं अडगाव. नागपूरकर भोसल्यांचं आणि शिंद्यांचं सैन्य एका बाजूला, कंपनीची फौज दुसऱ्या बाजूला. भोसल्यांचा मोड झाला. पंधरा-सोळा दिवसांत, १५ डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला. आणि लगेच १७ तारखेला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाच्या पदरात पडला, ओरिसातला कटक प्रांत कंपनीनं घेतला. हा इतिहास इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू मात्र आपण फारशी सांगत नाही.

ही लढाई जिंकणारा सेनापती होता आर्थर वेलस्ली. त्याचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली त्या वेळी कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता. धाकटा भाऊ इथे किल्ले घेत होता आणि थोरल्या भावानं १८०० सालीच कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढलं होतं. कशासाठी? विलायतेहून आलेल्या कोवळ्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवण्यासाठी. मुलूख तलवारीनं मिळतो, पण चालवायला रयतेची बोली लागते, हे त्या माणसानं ओळखलं होतं. त्या कॉलेजात १८०१ पासून बंगाली नि संस्कृत शिकवायला आणि पुढे मराठीही शिकवायला कोण होतं? विल्यम कॅरी.

त्यांना मराठी कोणी शिकवली? नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा कानफाडे यांनी. १८०५ साली, म्हणजे गाविलगड पडल्यावर दोन वर्षांच्या आत, कॅरींचं मराठी व्याकरण त्यांच्या मिशनच्या, हुगळीकाठच्या सेरामपूर इथल्या छापखान्यातून बाहेर पडलं. त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आलं. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, तोही मोडी लिपीत, कारण व्यवहारात मराठी माणसाचा हात मोडीवर बसलेला. १८११ मध्ये संपूर्ण नवा करार. मग वैजनाथ पंडितांच्या हातची ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’, ‘प्रतापादित्याचं चरित्र’. आणि त्याच मालिकेत ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’. विचार करा, श्रोतेहो. पेशवाई अजून पुण्यात उभी आहे, मुंबईला मराठी ग्रंथछपाईनं अजून जोर धरलेला नाही, आणि हुगळीच्या काठावर मोडीचे खिळे ओतून नागपूरकर भोसल्यांची वंशावळ छापली जाते आहे!

त्या मराठीला नागपूर-वऱ्हाडाचं वळण होतं. पुण्या-मुंबईकडच्यांना ती परकी वाटली. मुंबईत १८१३ साली आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी तर आपलं वेगळं भाषांतर हाती घेतलं. पुढच्या समीक्षकांनीही या वळणाला दोष दिला. मला त्यात दोष दिसत नाही. छापील मराठी गद्याच्या पहिल्याच पानांवर आपल्याकडच्या बोलीचा हात फिरलेला आहे, याचा वऱ्हाडी माणसाला अभिमान वाटला पाहिजे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: व्याकरणाच्या मुखपृष्ठावर नाव एकट्या कॅरींचं आहे. प्रस्तावनेत त्यांनी पंडितांचं ऋण मानलं, हा त्यांचा मोठेपणा. पण जगानं लक्षात ठेवलं ते मुखपृष्ठ. हा धागा मी पुढे पुन्हा उचलणार आहे.

आता दुसरा मुद्दा. शेतकरी कॅरी.

१७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील एडमंड आधी विणकर, मग गावातले शाळामास्तर. पीटर नावाचे काका कॅनडा पाहून आलेले आणि माळीकाम करणारे. पोराला बोट धरून झाडं दाखवली ती या काकांनी. या मुलाची खोली किड्यांनी, पाखरांनी, रोपांनी भरलेली असे. शेतावर राबायची हौस होती, पण कातडीचा असा विकार जडला की उन्हात उभं राहवेना. म्हणून पोराला जोडे शिवायला धाडलं. शेतीनं दार लावून घेतलं, पण हा माणूस जन्मभर त्या दाराशी बसून राहिला.

जोडे शिवता शिवता तो लॅटिन शिकला, ग्रीक शिकला, हिब्रू शिकला. मोल्टन गावात बाप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला. बाप्टिस्ट म्हणजे कोण, तर तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा न देता, कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे लोक. सरकारी चर्चच्या बाहेरचे, म्हणून मानमरातबापासून दूर, बरेचसे कारागीर नि कष्टकरी. पाळकाच्या मिळकतीवर घर चालेना, म्हणून कॅरी शाळा चालवत, जोडे शिवत. त्यांनी पोरांना भूगोल शिकवायला कातड्याचे तुकडे जोडून पृथ्वीचा गोल केला होता. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावात मूठभर पाळकांनी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापली. पहिली वर्गणी किती? तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. तीही तपकिरीच्या डबीत गोळा झालेली. आणि अशा तुटपुंज्या आरंभातून कॅरींचं कुटुंब हिंदुस्थानला निघालं.

बंगालमध्ये उतरल्यावर पैसे संपले. कॅरी सुंदरबनच्या कडेला देभट्टाला गेले, जंगल तोडून जमीन कसायचा बेत केला. वाघांचं रान ते, हिवतापाचं रान. काही महिन्यांत तिथून मालद्याच्या उत्तरेला मुदनाबाटीला नीळ कारखान्यावर महिना दोनशे रुपयांनी व्यवस्थापक झाले. नोकरी मिळताच त्यांनी इंग्लंडला कळवलं की आता सोसायटीच्या पैशाची मला गरज नाही. मग मागितलं काय? विळे, कोयते, नांगराची सामग्री. आणि दर वर्षी भाजीपाल्याचं, फळझाडांचं, फुलांचं बियाणं. मिशनरी माणसाच्या पहिल्या मागणीपत्रात बियाणं! यातूनच तो माणूस कळतो.

त्याच भागात हिंडून त्यांनी दिनाजपूर जिल्ह्याच्या शेतीवर लेख लिहिला, तो एशियाटिक सोसायटीनं छापला. त्यात जमिनीचे प्रकार आहेत, पिकं आहेत, औतं-अवजारं आहेत, बैलांची स्थिती आहे. साहेब घोड्यावरून पाहतो तसं हे पाहणं नव्हे. वावरात उतरून, ढेकूळ हातात फोडून पाहिलेलं आहे हे. इथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. नीळ हे पुढे बंगालच्या रयतेच्या गळ्याचा फास झालेलं पीक. १८५९-६० मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध बंड केलं. कॅरींची नोकरी त्याच धंद्यातली, हे आपण झाकून ठेवू नये.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी सेरामपूरला आले. ही डेन्मार्कची वसाहत होती, कारण कंपनीच्या राज्यात मिशनऱ्यांना थारा नव्हता. जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना, मुद्रक विल्यम वॉर्ड आणि कॅरी यांनी तिथे एकत्र चूल मांडली. सगळ्यांची कमाई एका पेटीत. तिथे कॅरींनी पाच एकरांची बाग केली. तिचे वाफे त्यांनी वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीप्रमाणे आखले. पहाटे उठून बागेत चक्कर, मग बायबल, मग पंडितांबरोबर भाषांतर, मग कलकत्त्याला कॉलेजात.

त्या बागेतला एक प्रसंग मला फार आवडतो. इंग्लंडहून बियाण्याची पिशवी आली. बियाणं काढून घेतल्यावर कॅरींनी पिशवीच्या तळाला राहिलेली माती बागेच्या एका सावलीच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तिथे एक इवलंसं रोप वर आलं. ती डेझी होती, त्यांच्या खेड्यातल्या माळावर पायदळी तुडवलं जाणारं साधं गवतफूल. कोणी पाठवलेलं नव्हतं, ते मातीतून आपसूक आलं होतं. तीस वर्षं मायदेश न पाहिलेल्या साठीच्या माणसाला त्या फुलानं जो आनंद दिला, तो त्यांनी पत्रात लिहून कळवला. वर्षानुवर्षं त्याचं बी धरून ते फूल त्यांनी जगवलं.

पण ही नुसती हौस नव्हती. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग त्यांचे मित्र. रॉक्सबर्ग यांचा ‘फ्लोरा इंडिका’ हा भारतीय वनस्पतींवरचा थोर ग्रंथ त्यांच्या मागे कॅरींनी संपादून छापला. रॉक्सबर्ग यांनी एका झाडाला मित्राचं नाव दिलं: केरिया आर्बोरिया. ते झाड तुमच्या ओळखीचं आहे. आपला कुंभा. सह्याद्री-सातपुड्याच्या पानझडी रानात उभा असतो. उन्हाळ्यात पांढऱ्या-गुलाबी केसरांची मोठाली फुलं रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. त्याच्या सालीचा वाख काढून पूर्वी तोड्याच्या बंदुकीची वात करत. पुढच्या वेळी रानात कुंभा दिसला तर थांबा. एका मोच्यानं मातीवर केलेल्या प्रेमाची ती जिवंत पावती आहे.

आणि १४ सप्टेंबर १८२० रोजी कॅरींनी कलकत्त्यात ‘अ‍ॅग्रिकल्चरल अँड हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. ही संस्था आजही कलकत्त्याच्या अलिपूर भागात आहे. तिच्या आवाहनात त्यांनी काय लिहिलं? पडीक जमीन लागवडीखाली आणा. खत घाला. पिकांची फेरपालट करा. पाण्याचा निचरा करा, बांध घाला. जनावरांची पैदास सुधारा. नवी पिकं आणून पाहा. आणि त्यांचा एक आग्रह मला या सगळ्यांहून मोठा वाटतो: संस्थेत साहेबांबरोबर हिंदी माणसंही सभासद असली पाहिजेत. १८२० साली! ज्या मातीची सुधारणा करायची, ती कसणाऱ्यांचे भाऊबंद बाहेर ठेवून कसली सुधारणा?

वऱ्हाडात हे सांगताना मला पंजाबराव देशमुखांची आठवण होणं स्वाभाविक आहे. १९५५ साली भारत कृषक समाज उभा करणारे, दिल्लीला १९५९-६० मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन भरवणारे भाऊसाहेब. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावानं आहे. दोघांत सव्वाशे-दीडशे वर्षांचं अंतर, धर्म वेगळा, देश वेगळा. पण शेतीची विद्या आणि शेतकऱ्याचा मान या दोन गोष्टी एकत्रच चालतात, ही ओळख दोघांना होती.

इथपर्यंतची कथा ऐकून तुम्ही टाळ्या वाजवल्या तर मी समजू शकतो. पण थांबा. आता तिसरा मुद्दा. घर.

१० जून १७८१ रोजी पिडिंग्टन गावच्या चर्चमध्ये एकोणीस वर्षांच्या विल्यमचं लग्न झालं. वधू डोरोथी प्लॅकेट, नवऱ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नोंदवहीत सहीच्या जागी तिनं फुली मारली. तिला लिहिता येत नव्हतं. ज्या माणसाच्या नावावर पुढे कितीतरी भाषांची व्याकरणं आणि कोश लागले, त्याच्या लग्नाच्या नोंदीत ही फुली आहे. पहिली मुलगी अ‍ॅन तापानं गेली. दुसरी लूसी तान्हेपणीच गेली.

मग १७९३ आलं. नवऱ्यानं हिंदुस्थानला जायचं ठरवलं. डोरोथीबाई नाही म्हणाल्या. श्रोतेहो, चरित्रकारांनी शंभर वर्षं या बाईला नाकर्ती, श्रद्धाहीन, नवऱ्याच्या थोर कार्यातली धोंड असं रंगवलं. मी विचारतो, दोन मुली पुरलेली, पुन्हा दिवस गेलेली बाई, पाच महिन्यांच्या समुद्रप्रवासाला नाही म्हणाली, यात काय चुकलं तिचं? कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघालेही. पण परवान्याच्या अडचणीनं जहाजानं त्यांना उतरवलं. तेवढ्या अवधीत डोरोथीबाई बाळंत झाल्या. मग सोबती डॉक्टर थॉमस पुन्हा त्यांच्या दारात गेले. तुम्ही आला नाहीत तर घर कायमचं फुटेल आणि जन्मभर पस्तावाल, असं त्यांना सांगितलं. अखेर बाई म्हणाल्या, माझी बहीण किटी सोबत येणार असेल तर येते. १३ जून १७९३ रोजी डॅनिश जहाज सुटलं. पदरात दोन महिन्यांचंही नसलेलं तान्हं, तीन मुलगे आणि पाठची बहीण. एवढ्याच आधारावर ती बाई निघाली.

पुढे काय झालं? सुंदरबनात बाई हगवणीनं आजारी पडल्या. ज्या किटीच्या भरवशावर त्या आल्या होत्या, तिनं देभट्टाला कंपनीच्या एका अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि ती तिथेच राहिली. मुदनाबाटीला १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीनं गेला. विटाळाच्या भयानं पोराचं प्रेत उचलायला कोणी पुढे येईना. स्वतः तापानं फणफणलेल्या बापाला दारोदार माणसं शोधावी लागली. त्यानंतर डोरोथीबाईंचं मन जे ढळलं ते कधी सावरलं नाही. नवऱ्यावर नाही नाही ते संशय, आरडाओरड, अंगावर धावून जाणं. शेवटी त्यांना खोलीत ठेवावं लागलं. १७९५ पासून १८०७ पर्यंत. बारा वर्षं!

एक दिवस डोळ्यांसमोर आणा. २८ डिसेंबर १८००. सेरामपूरचा घाट. सात वर्षांच्या खटपटीनंतर पहिला बंगाली माणूस, सुतारकाम करणारा कृष्ण पाल, बाप्तिस्मा घेतो आहे. त्याच्याबरोबर कॅरींचा मुलगा फेलिक्सही पाण्यात उतरतो आहे. डॅनिश गव्हर्नर हजर आहे, घाटावर गर्दी आहे. बाप आपल्या हातानं लेकाला गंगेत बुडवून वर काढतो आहे. आणि त्याच आवारात, एका बंद खोलीत, त्या लेकाची आई ओरडते आहे. थॉमसही त्याच दिवसांत वेडाच्या झटक्यानं डांबलेले. इतिहासाच्या पुस्तकात घाटाचं चित्र असतं. खोलीचं नसतं.

कॅरी दुष्ट होते का? मुळीच नाही. डोरोथीबाईंना वेड्यांच्या इस्पितळात पाठवा असं लोक सुचवत, पण कॅरींनी त्यांना घरातच ठेवलं. शेजारच्या खोलीतून ओरडणं ऐकू येत असताना ते भाषांतराचे कच्चे खर्डे तपासत. त्यांच्या सोशिकपणाचं कौतुक खूप झालं. मी एवढंच म्हणतो की सोसलं दोघांनी. एकाच्या सोसण्याचा ग्रंथ झाला, दुसरीच्या सोसण्याची तळटीपही झाली नाही.

मुलांचं काय? आई खोलीत, बाप पुस्तकांत. चार मुलगे रानोमाळ वाढले. त्यांना शिस्त लावली, जेवूखाऊ घातलं, माया केली ती हॅना मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी. हॅनाबाईंनी सेरामपूरला शाळा काढल्या, त्यांच्या मिळकतीवर मिशनचा मोठा खर्च भागे. त्या नसत्या तर मिशनही नसतं आणि कॅरींची पोरंही हाताला लागली नसती.

थोरला फेलिक्स ब्रह्मदेशात गेला. १८१४ मध्ये इरावतीत होडी बुडाली आणि त्याची बायको-मुलं डोळ्यांदेखत गेली. मग तो ब्रह्मी राजाचा वकील म्हणून थाटामाटात कलकत्त्याला आला. बापाला राजदूत मुलाचा अभिमान वाटला नाही, मुलगा खाली उतरला असंच वाटलं. काही वर्षं भटकून तो १८१८ मध्ये परतला आणि त्यानं बंगालीत शरीरशास्त्राचा ग्रंथ लिहिला, बंगाली ज्ञानकोशाच्या कल्पनेचा तो पहिला खंड. १८२२ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो गेला. दुसरा विल्यम बंगालमध्येच कटव्याला मिशनचं काम करत राहिला. जेबेझ आधी मोलुक्का बेटांवर, मग राजपुतान्यात अजमेरला शाळा काढायला गेला. धाकटा जोनाथन कलकत्त्यात वकील झाला.

८ डिसेंबर १८०७ रोजी डोरोथीबाई वारल्या. १८०८ मध्ये कॅरींनी शार्लट रुमोर या डॅनिश विदुषीशी लग्न केलं. त्या पायानं अधू होत्या, कॅरींच्याच वयाच्या, अनेक भाषा जाणणाऱ्या. भाषांतराच्या कामात त्या नवऱ्याच्या जोडीनं बसत. तेरा वर्षांचा तो संसार सुखाचा झाला. १८२१ मध्ये त्या गेल्या. १८२३ मध्ये ग्रेस ह्यूज यांच्याशी कॅरींचं तिसरं लग्न झालं. म्हातारपणी ज्यांनी उठवलं-बसवलं त्या ग्रेसबाई. आणि तिकडे इंग्लंडमध्ये बहीण मेरी अर्धांगानं अनेक वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला भाऊ आयुष्यभर पत्रं लिहीत राहिला. त्यांच्या लहानपणाचं जे आपल्याला ठाऊक आहे, त्यातलं बरंच तिच्या आठवणींतून आलेलं.

आता चौथा मुद्दा. हिशेब.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी सेरामपूरचा छापखाना जळाला. कागद गेला, हस्तलिखितं गेली, अनेक लिप्यांचे खिळे वितळले. पण राखेत खिळ्यांचे पोलादी मूळ ठसे शाबूत सापडले आणि महिन्याभरात छपाई पुन्हा सुरू झाली. हे ठसे कोणी घडवले होते? पंचानन कर्मकार या बंगाली लोहारानं आणि त्याच्या पश्चात त्याचा जावई मनोहर यानं. १८२३ मध्ये कॅरी होडीतून उतरताना पडले, मांडीचं हाड दुखावलं, ते अंथरुणाला खिळले आणि त्याच दिवसांत दामोदर नदीच्या पुरानं त्यांची बाग धुऊन नेली. बाग पुन्हा कोणी उभी केली? त्यांच्या देखरेखीखाली राबणाऱ्या माळ्यांनी. ४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंकनं सतीबंदीचा कायदा केला. तो बंगालीत करायचं काम रविवारी सकाळी कॅरींकडे आलं. उपदेशाला दुसऱ्याला पाठवून ते पंडिताला घेऊन बसले, कारण एक दिवस उशीर म्हणजे आणखी चिता. कॅरींनी स्वतः १७९९ मध्ये एका बाईला जळताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून तीस वर्षं ते या प्रथेविरुद्ध झगडले. त्या कामाचं मोल कितीही करा, थोडंच आहे.

मग मी म्हणतो काय? कॅरींना उंच चबुतऱ्यावरून खाली ओढा? नाही. त्यांचा मुख्य हेतू धर्मांतराचा होता, त्याविषयी या सभागृहात मतभेद असतील आणि ते असावेत. पण मराठी छापील गद्य, भारतीय वनस्पतिविद्या, शेतीसुधारणेची संघटना, सतीबंदी या चारही ठिकाणी हा माणूस अगदी आरंभी उभा आहे. ते नाकारणारा इतिहासाशी बेइमानी करील. माझं म्हणणं इतकंच आहे की त्या कामाच्या सातबाऱ्यावर एकच नाव लावणं, हीही तेवढीच बेइमानी आहे.

आणि सातबारा म्हणजे काय, हे वऱ्हाडाला शिकवायला नको. वावर घरानं कसायचं, निंदण-खुरपण बाईनं करायचं, पऱ्हाटीचा कापूस वेचून वेचून तिची बोटं फाटायची, आणि कागदावर नाव मालकाचं. मालक गेला की तिला कळतं, कर्ज तिचं आहे, जमीन मात्र तिची नाही. गेल्या काही दशकांत या जिल्ह्यांनी असली किती घरं पाहिली, ते तुम्हाला मी सांगावं का? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ची चळवळ काढली, नवऱ्यांना हौसेनं बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, तशा गावांचा गौरव केला. वरवर ती मालमत्तेची गोष्ट वाटते. तिच्या मुळाशी होता हाच प्रश्न: राबलं कोण आणि नोंदलं कोण गेलं?

कॅरींचं घर आणि आपलं वावर यांच्यात हे साम्य आहे. म्हणून ही कथा मला वऱ्हाडातच सांगावीशी वाटली.

कॅरींना स्वतःला मोठेपणाचा सोस नव्हता. आपल्या थडग्यावर लांबलचक स्तुती नको, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. अखेरच्या आजारात त्यांना चिंता होती ती बागेची. मी गेलो की मार्शमन माझ्या बागेत गाई सोडतील, असं ते म्हणत. ९ जून १८३४ रोजी वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते गेले. ज्याला स्वतःच्या नावापेक्षा झाडांची काळजी अधिक होती, त्याचं स्मरण एकट्याच्या नावानं करणं त्याला तरी आवडलं असतं का? मला वाटत नाही.

म्हणून शेवटी तुमच्याकडे दोन मागण्या करतो. व्याख्यानमालेत मागण्या करत नाहीत हे ठाऊक आहे, तरी करतो. पहिली, ज्यांना लिहिता येतं त्यांना. तुमच्या गावच्या थोर माणसाचं चरित्र लिहाल तेव्हा त्याची बायको, आई, बहीण, त्याच्या पदरी राबलेले हात, त्याला विद्या देणारे वैजनाथ पंडित यांची नावं मूळ मजकुरात घाला. परिशिष्टात नको, अर्पणपत्रिकेत नको. दुसरी, ज्यांच्या नावावर वावर आहे त्यांना. या हंगामात तलाठ्याकडे जाल तेव्हा घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवून या. डोरोथी कॅरींच्या वाट्याला लग्नाच्या नोंदवहीत एक फुली आली. आपल्या घरातल्या बाईची त्यापुढे पुष्कळ मजल गेली आहे. ती शिकली आहे, सही करते आहे, हिशेब ठेवते आहे. तिच्या सहीला जमिनीचा आधार देणं आपल्या हातात आहे, आणि ते याच वर्षी करता येईल.